डिस्क पुन्हा पुन्हा भरते: डेटाबेस सर्व्हरवरची जागा नेमकी कोण अडवून बसलंय?

लक्षणं ठरलेली असतात. डिस्क ९० टक्क्यांवर गेल्याचा अलर्ट येतो. कोणीतरी लॉगिन करतं, जुन्या लॉग फाइल्स आणि दोन-चार जुने बॅकअप उडवतं, आकडा ७८ वर येतो, अलर्ट थांबतो. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तोच अलर्ट आणि तीच झाडलोट, पण या वेळी आकडा ८४ च्या खाली उतरत नाही. मग डिस्क मोठी करून घेतली जाते. काही महिने निवांत जातात आणि ती मोठी डिस्कही भरते.

ज्यांच्या मागे हे चक्र लागलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं रोजचं काम पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं, त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिथलीच. मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकलचं थोडं शेवटी आहे.

डेटा खरोखर वाढला म्हणूनही डिस्क भरते. पण ती वाढ संथ असते, आलेख बघितला की समजते, आणि तिथे डिस्क वाढवणं हेच बरोबर उत्तर असतं. झाडलोट करूनही पुन्हा पुन्हा भरणारी डिस्क हा वेगळा आजार आहे. तिथे डेटाबेसला जे टाकून द्यायचंय ते कोणीतरी अडवून धरलेलं असतं, आणि धरणारा सुटत नाही तोवर कितीही साफसफाई केली तरी उपयोग होत नाही. म्हणून काय पुसू हा प्रश्न बाजूला ठेवा आणि कोण धरून बसलंय ते आधी शोधा.

लगेच रीस्टार्ट करू नका

रीस्टार्ट केला की बऱ्याचदा थोडी जागा मोकळी होते आणि तिथेच फसगत होते. जागा सुटण्याची कारणं तीन असू शकतात. मोठ्या सॉर्टसाठी किंवा जॉइनसाठी तयार झालेल्या आणि मागे राहून गेलेल्या तात्पुरत्या फाइल्स सर्व्हर सुरू होताना पुसल्या जातात. कोणीतरी पुसलेली, पण एखाद्या प्रोसेसने उघडी ठेवलेली फाइल प्रोसेस बंद झाल्यावर खरी नाहीशी होते. आणि उघडी राहिलेली ट्रान्झॅक्शन्स (एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणाऱ्या बदलांचे गट) तुटतात, म्हणजे अडकलेली सफाई पुढे सरकते. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. रीस्टार्टनंतर यातलं कोणतं घडलं हे सांगणारा पुरावाच उरत नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोणी आधीच रीस्टार्ट करून ठेवलं असेल आणि तरी जागा सुटली नसेल, तर संशय थेट रेप्लिकेशन स्लॉटवर (दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीसाठी लॉग राखून ठेवणारी नोंद) किंवा आर्काइव्हिंगवर (तोच लॉग बॅकअपसाठी दुसरीकडे पाठवणं) घ्या. ही दोन्ही कारणं रीस्टार्टला दाद देत नाहीत.

पहिली पाच मिनिटं फक्त बघण्यात घालवा. डीएफने एकूण वापर बघा, मग डेटा फोल्डरमध्ये डीयू चालवून कोणता उपफोल्डर किती मोठा आहे ते बघा. डीएफ म्हणतंय ४६० जीबी आणि डीयूची बेरीज येतेय ४२५, असा मोठा फरक दिसला तर पुसलेली पण उघडी असलेली फाइल आहे. एलएसओएफला +एल१ हा पर्याय देऊन चालवलं की अशा फाइल्स आणि त्या धरून बसलेल्या प्रोसेसेस नावानिशी दिसतात. सर्व्हरचा सध्याचा लॉग सरळ पुसणं हे याचं नेहमीचं कारण. लॉग लिहिणारी प्रोसेस त्या पुसलेल्या फाइलमध्येच लिहीत राहते, आकार वाढत राहतो आणि फोल्डरमध्ये मात्र काहीच दिसत नाही. चालू लॉग पुसायचा नसतो, तो रिकामा करायचा किंवा रोटेट करून घ्यायचा.

आयनोड्सही (प्रत्येक फाइलसाठी लागणाऱ्या फाइल सिस्टीममधल्या नोंदी) एकदा डीएफ -आय ने बघून घ्या. जागा शिल्लक असूनही 'जागा नाही' असा एरर येत असेल तर कारण तिथे सापडतं.

पीजी_वॉल फुगलंय?

एका जुन्या कामावरची गोष्ट. ३०० जीबीची डिस्क भरत होती म्हणून ५०० ची करून घेतली होती, आणि तीही ९० टक्क्यांवर आली. दर वेळी येणारा माणूस आधी मोठी टेबलं बघायचा, जुन्या ऑडिट टेबलातल्या ओळी कमी करायचा आणि निघून जायचा. मीही तसं दोनदा केलं होतं. तिसऱ्या वेळी डीयू चालवलं तेव्हा टेबलांचा डेटा असलेला बेस फोल्डर १९० जीबी आणि पीजी_वॉल २४१ जीबी असं दिसलं. वॉल म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथे नोंदवला जातो तो लॉग. त्याची एक फाइल १६ एमबीची असते, म्हणजे त्या फोल्डरमध्ये पंधरा हजारांहून जास्त फाइल्स होत्या. सर्वांत जुन्या फाइलची तारीख चार महिन्यांपूर्वीची होती.

ती तारीख बघूनच उलगडा झाला. चार महिन्यांपूर्वी रिपोर्टसाठी वापरात असलेली एक रेप्लिका (मुख्य सर्व्हरची वॉल वाचत राहणारी प्रत) आम्ही बंद केली होती. मशीन गेलं, नोंदी गेल्या, मॉनिटरिंगमधूनही नाव काढलं. मुख्य सर्व्हरवरचा तिचा स्लॉट मात्र तसाच राहिला होता. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स या व्ह्यूमध्ये एकच ओळ होती: नाव रिपोर्ट_०२, अ‍ॅक्टिव्ह कॉलममध्ये 'एफ', म्हणजे निष्क्रिय. रीस्टार्ट_एलएसएन पासून सध्याच्या एलएसएनपर्यंतचं अंतर (एलएसएन म्हणजे वॉलमधलं ठिकाण) पीजी_वॉल_एलएसएन_डिफ ने काढलं तर २४० जीबी. दिवसाला साधारण दोन जीबी वॉल तयार होत होता आणि जे मशीन आता अस्तित्वातच नाही ते परत येईल म्हणून पोस्टग्रेस तो इमाने-इतबारे जपत होतं.

स्लॉटचं कामच ते आहे. रेप्लिकेने जिथपर्यंत वाचलंय त्यापुढचा वॉल पुसायचा नाही, हा त्याने दिलेला शब्द. सर्व्हर बंद पडला, पुन्हा चालू झाला, तरी स्लॉट टिकतो. मॅक्स_वॉल_साइज १ जीबी ठेवलेला असला तरी तो याच्या आड येत नाही, कारण ती मऊ मर्यादा आहे.

स्लॉट काढायला पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट हे फंक्शन आहे. ते चालवण्यापूर्वी तो स्लॉट कोणाचा आहे हे माणसांना विचारा. अ‍ॅक्टिव्ह 'एफ' याचा अर्थ रेप्लिका मेली असाच होत नाही. ती पॅचिंगसाठी तासभर खालीही असू शकते. स्लॉट लॉजिकल असेल तर त्यावरून कोणीतरी बदल वाचून दुसऱ्या सिस्टीमला देत असणार, आणि तो उडवला तर त्यांना सगळा डेटा मुळापासून पुन्हा भरावा लागेल. अ‍ॅक्टिव्ह 'टी' असूनही अंतर वाढत असेल तर स्लॉट बेवारस नाही, वाचणारा मागे पडतोय. अशा वेळी नेटवर्क, रेप्लिकेची डिस्क किंवा वाचणारा प्रोग्राम तपासायचा.

स्लॉट काढल्याबरोबर डीएफचा आकडा हलत नाही, आणि नेमकं या क्षणी लोक घाबरून हाताने फाइल्स पुसायला जातात. जुना वॉल चेकपॉइंटच्या वेळी, म्हणजे मेमरीतले बदल डेटा फाइल्समध्ये उतरवले जातात तेव्हा, काढला जातो. चेकपॉइंट_टाइमआउट मुळात ५ मिनिटांचा असतो. थांबायचं नसेल तर 'चेकपॉइंट' ही कमांड स्वतः द्या. आमच्याकडे कमांड संपेपर्यंत डिस्क ९० वरून ४२ टक्क्यांवर आली होती.

पीजी_वॉलमधल्या फाइल्स हाताने पुसायच्या नाहीत. कितीही घाई असली तरी नाही. २०१७ साली दहावी आवृत्ती येईपर्यंत या फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग होतं. नावात 'लॉग' दिसतो म्हणून लोक ते बिनधास्त रिकामं करायचे आणि डेटाबेस गमावून बसायचे. नाव बदलण्यामागे हेच कारण होतं.

तेरावी आवृत्ती किंवा पुढची असेल तर मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज आजच ठरवून टाका. मुळात ती -१ असते, म्हणजे अमर्याद. मर्यादा घातली की मागे पडलेला स्लॉट ठरावीक आकारानंतर निकामी होतो आणि ती रेप्लिका नव्याने उभी करावी लागते. ही किंमत आहेच. पण रेप्लिका पुन्हा बांधणं हे एका दुपारचं काम असतं; मुख्य सर्व्हर बंद पडला की सगळंच ठप्प होतं. मी तरी दर वेळी मुख्य सर्व्हरच वाचवेन. ही सेटिंग बदलायला रीलोड पुरतो. अठराव्या आवृत्तीत याच्या जोडीला आयडल_रेप्लिकेशन_स्लॉट_टाइमआउटही आलंय; ठरलेल्या काळापेक्षा जास्त वेळ निष्क्रिय राहिलेला स्लॉट त्याने बाद होतो.

स्लॉटची यादी रिकामी आहे आणि तरी वॉल साठतोय? मग पीजी_स्टॅट_आर्काइव्हर उघडा. फेल्ड_काउंट वाढतोय आणि लास्ट_फेल्ड_टाइम आत्ताची आहे, असं दिसलं तर आर्काइव्ह कमांड अपयशी ठरतेय. पोस्टग्रेस तीच फाइल पुन्हा पुन्हा पाठवत राहतं आणि ती पोहोचेपर्यंत मागची एकही सोडत नाही. कारण बहुधा साधं असतं: जिथे पाठवायचं तिथलीच डिस्क भरलेली, परवानगी बदललेली किंवा किल्लीची मुदत संपलेली. इथे एक 'झटपट' उपाय सुचवला जातो, आर्काइव्ह कमांडच्या जागी नुसतं ट्रू लिहायचं. वॉल लगेच निघून जातो हे खरं. पण त्याच क्षणी बॅकअपची साखळी तुटते आणि तिथून पुढे कुठल्याही वेळेला परत जाता येत नाही. नाइलाजाने केलंच, तर मूळ कमांड परत लावून त्याच दिवशी नवा बेस बॅकअप (सगळ्या सर्व्हरची पूर्ण प्रत) घ्या.

टेबल फुगलंय?

पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी तशीच राहते आणि नवी वेगळी लिहिली जाते. जुनी ओळ कोणालाच दिसण्याची शक्यता उरली नाही की व्हॅक्यूम ती जागा पुन्हा वापरायला मोकळी करतं. या शेवटच्या वाक्यातली अट महत्त्वाची आहे. कोणीतरी जुनं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसलं असेल तर त्यानंतर मेलेली एकही ओळ व्हॅक्यूमला हलवता येत नाही, मग ती कुठल्या का टेबलातली असेना.

मी पाहिलेलं सर्वांत ठळक उदाहरण लॉगिन सेशन्सच्या एका टेबलाचं. ओळी चाळीस हजार, आकार ३८ जीबी. प्रत्येक रिक्वेस्टला त्यातली एक ओळ अपडेट व्हायची. ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारा व्हॅक्यूम) बंद असणार अशी सगळ्यांची खात्री होती. पीजी_स्टॅट_यूझर_टेबल्स बघितलं तर लास्ट_ऑटोव्हॅक्यूम दोन मिनिटांपूर्वीची! आणि तरी एन_डेड_टप, म्हणजे मेलेल्या ओळींचा आकडा, अठरा कोटींच्या वर, वाढतोच आहे. व्हॅक्यूम आत्ताच चालून गेलाय आणि मेलेल्या ओळी मात्र कमी होत नाहीत, ही जोडी दिसली की सेटिंगमध्ये डोकं घालू नका. व्हॅक्यूम काम करतोय, त्याला कोणीतरी अडवलंय. व्हॅक्यूम व्हर्बोज चालवलं की 'डेड बट नॉट येट रिमूव्हेबल' अशी ओळ येते. तिच्या पुढचा आकडा प्रचंड असेल तर निदान पक्कं.

मग पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी उघडून एक्सअ‍ॅक्ट_स्टार्टप्रमाणे लावलं. सर्वांत वर एक सेशन, अवस्था 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', सुरुवात नऊ दिवसांपूर्वीची. एका सहकाऱ्याने आपल्या मशीनवरच्या टूलमध्ये ऑटो-कमिट बंद ठेवून एक चुकीची ओळ दुरुस्त केली होती आणि कमिट करायचं राहून गेलं होतं. खिडकी नऊ दिवस उघडीच होती. पीजी_टर्मिनेट_बॅकएंड चालवण्याआधी त्याला फोन केला, कारण तोडलं असतं तर त्याचा बदल रद्द झाला असता. त्याने कमिट केलं आणि पुढच्याच ऑटोव्हॅक्यूममध्ये मेलेल्या ओळींचा आकडा कोसळला.

इथे एक बारकावा आहे. आयडल इन ट्रान्झॅक्शन दिसणारं प्रत्येक सेशन दोषी नसतं. नेहमीच्या रीड कमिटेड पातळीवर नुसतं वाचून थांबलेलं सेशन व्हॅक्यूमला अडवत नाही. बॅकएंड_एक्सआयडी आणि बॅकएंड_एक्समिन हे दोन्ही कॉलम बघा; पहिल्यात सेशनचा स्वतःचा ट्रान्झॅक्शन क्रमांक असतो, दुसऱ्यात त्याच्यामुळे जपून ठेवावा लागणारा सर्वांत जुना क्रमांक. ज्याचं मूल्य सर्वांत जुनं, तो खरा धरणारा. तासन् तास चालणारा पीजी_डंप किंवा एखादा लांबलचक रिपोर्टही यात सापडतो. सेशन्समध्ये कोणी सापडलं नाही तर पीजी_प्रिपेअर्ड_एक्सअ‍ॅक्ट्समध्ये विसरलेलं टू-फेज कमिट (दोन टप्प्यांत पक्कं होणारं ट्रान्झॅक्शन) आहे का ते बघा. मग रेप्लिकेवरचं हॉट_स्टँडबाय_फीडबॅक, कारण तिथली लांब क्वेरीही मुख्य सर्व्हरची सफाई रोखते. आणि पुन्हा स्लॉट्स, या वेळी त्यांचे एक्समिन आणि कॅटलॉग_एक्समिन हे कॉलम. बेवारस स्लॉट वॉलही अडवतो आणि मेलेल्या ओळीही.

असं पुन्हा होऊ नये म्हणून आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट लावा. २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून ही सेटिंग आहे आणि मुळात शून्य, म्हणजे बंद असते. मी अ‍ॅप्लिकेशनच्या यूझरला पाच मिनिटं आणि हाताने काम करणाऱ्यांना एक तास देतो. रोलप्रमाणे वेगळी मुदत ठेवता येते, त्यामुळे कोणाचं काम अडत नाही.

सफाई होऊनही त्या टेबलाची फाइल ३८ जीबीचीच राहिली. साधा व्हॅक्यूम जागा टेबलाच्या आत मोकळी करतो, ऑपरेटिंग सिस्टीमला परत देत नाही. फाइलच्या शेवटची पानं पूर्ण रिकामी असली तरच तेवढी कापली जातात. त्या टेबलात जिवंत ओळी जेमतेम चाळीस हजार होत्या, म्हणून व्हॅक्यूम फुल काही सेकंदांत झाला. मोठ्या टेबलावर हाच उपाय घात करतो. व्हॅक्यूम फुल टेबलाची नवी प्रत लिहितो, जुनी शेवटपर्यंत ठेवतो, आणि तोवर त्या टेबलाला कोणालाही हात लावू देत नाही, वाचायलासुद्धा नाही. ८० जीबीचा जिवंत डेटा असलेलं टेबल आणि शिल्लक जागा २० जीबी, अशा वेळी तो चालवला तर उरलीसुरली डिस्कही भरते. पीजी_रीपॅक या एक्स्टेंशनमध्ये कुलूप अगदी थोडा वेळ लागतं, पण दुसऱ्या प्रतीची जागा त्यालाही लागतेच.

आणि धरणारा कोणीच नाही, टेबल मात्र खूप मोठं आहे, अशी परिस्थिती असेल तर मात्र सेटिंगकडे वळा. ऑटोव्हॅक्यूमचा मूळ हिशोब ५० ओळी अधिक टेबलाच्या २० टक्के असा आहे. दहा कोटी ओळींच्या टेबलात दोन कोटी ओळी मरेपर्यंत तो हलायचा नाही. अशा टेबलापुरता स्केल फॅक्टर (ते २० टक्क्यांचं प्रमाण, मुळात ०.२) ०.०२ किंवा त्याहून कमी ठेवा. सगळ्या सर्व्हरसाठी बदलायची गरज नसते.

१०० टक्के झालीच तर

टेबलांची डिस्क भरली तर लिहिणाऱ्या क्वेरींना 'कुड नॉट एक्स्टेंड फाइल' असा एरर येतो आणि वाचणं बऱ्याच अंशी चालू राहतं. वॉलची जागा संपली तर सर्व्हर पॅनिक होऊन बंद पडतो आणि जागा मिळेपर्यंत वर येत नाही, कारण रिकव्हरीलाही लिहायला जागा लागते. त्या वेळी डेटाबेसच्या फोल्डरबाहेरचं काहीतरी हटवून एक-दोन जीबी मिळवायचे, सर्व्हर सुरू करायचा, रिकव्हरी होऊ द्यायची आणि मग धरणारा शोधायचा.

हे एक-दोन जीबी आयत्या वेळी कुठून आणायचे, याची सोय आधीच करून ठेवा. मी प्रत्येक डेटाबेस डिस्कवर फॅलोकेटने चार जीबीची एक निरुपयोगी फाइल बनवून ठेवतो आणि तिच्या नावातच 'आणीबाणीत पुसा' असं लिहितो. रात्री तीन वाजता जो जागा असेल त्याला विचार करावा लागू नये. ती केली नसेल आणि फाइल सिस्टीम ईएक्सटी४ असेल तरी एक वाट आहे. ईएक्सटी४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. वेगळ्या डेटा डिस्कवर इतक्या राखीव जागेची गरज नसते. ट्यून२एफएस -एम १ चालवलं की चालू डिस्कवरच चार टक्के जागा मिळते. ५०० जीबीवर ती २० जीबी झाली.

दुसऱ्या डेटाबेसांवर

कारण तेच, धरणाऱ्याचं नाव फक्त बदलतं. मायएसक्यूएलमध्ये आधी बायनरी लॉग (रेप्लिकेला पाठवायच्या बदलांच्या नोंदी) बघा. आठव्या आवृत्तीत ते मुळात ३० दिवस राहतात, आणि लिहिण्याचा वेग जास्त असेल तर तेवढ्यानेच डिस्क भरते. फाइल्स हाताने न पुसता रेप्लिका कुठपर्यंत आली ते बघून 'पर्ज बायनरी लॉग्ज' वापरा आणि मग बिनलॉग_एक्स्पायर_लॉग्ज_सेकंड्स कमी करा. अनडू (ओळींच्या जुन्या आवृत्त्यांची जागा) फुगत असेल तर शो इंजिन इनोडीबी स्टेटसमध्ये हिस्टरी लिस्ट लेंग्थ बघा. तो आकडा चढतच असेल तर तिथेही कोणीतरी जुनं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवलंय.

एसक्यूएल सर्व्हरने ही चौकशी फारच सोपी केलीय. सिस.डेटाबेसेसमधला लॉग_रीयूज_वेट_डेस्क हा कॉलम लॉग का अडलाय ते सरळ सांगतो. 'लॉग_बॅकअप' दिसलं तर रिकव्हरी मॉडेल फुल आहे आणि लॉगचा बॅकअप कोणी घेतच नाहीये. 'अ‍ॅक्टिव्ह_ट्रान्झॅक्शन' दिसलं तर उघडं सेशन शोधा. कारण दूर न करता दर आठवड्याला श्रिंक (फाइल लहान करणारी कमांड) चालवणं म्हणजे पुन्हा तीच झाडलोट.

ओरॅकलवर ओआरए-००२५७ आला तर आर्काइव्ह लॉगची जागा संपलीय. तिथे ऑपरेटिंग सिस्टीममधून फाइल्स पुसल्या तरी रिकव्हरी एरियाच्या हिशोबात त्या असतातच. आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप टूलमधून पुसा, आणि कोणी आधीच हाताने पुसल्या असतील तर क्रॉसचेक करून डिलीट एक्स्पायर्ड चालवा.

अलर्ट कशावर लावायचा

डिस्कच्या टक्केवारीवरचा अलर्ट राहू द्या, पण तो खूप उशिरा बोलतो. आमच्या त्या २४१ जीबीच्या प्रकरणात बेवारस स्लॉट पहिल्या आठवड्यातच कळायला हवा होता. आता मी दर पाच मिनिटांनी तीन गोष्टी मोजतो: प्रत्येक स्लॉटने अडवलेला वॉल, सर्वांत जुन्या ट्रान्झॅक्शनचं वय आणि आर्काइव्हरचा फेल्ड_काउंट. स्लॉट दहा जीबीच्या पुढे गेला, ट्रान्झॅक्शन तासाभरापेक्षा जुनं झालं किंवा फेल्ड_काउंट सलग दोन वेळा वाढला की निरोप येतो. त्यात स्लॉटचं किंवा यूझरचं नावही असतं, म्हणजे फोन कोणाला करायचा ते लगेच कळतं.

रेप्लिका बंद करण्याच्या कामाची आमची यादी तेव्हा मशीनपासून सुरू व्हायची. आता तिची पहिली ओळ आहे: मुख्य सर्व्हरवर हिचा स्लॉट कोणता, आणि तो कोण काढणार.